अडलंय कुणामुळे

कारभारी हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. पण बांधकामाच्या साइटवर खऱ्या नावाला विचारतो कोण! सळई कुठली लावायची, कारभारी. स्लॅबखालच्या सेंटरिंगच्या फळ्या उद्या काढायच्या की परवा, कारभारी. टाकीत पाणी नाही, कारभारी. सिमेंटचा ट्रक फाटकात अडकलाय, तरी हाक कारभाऱ्यांनाच. इमारतीचं कुठलं काम कशानंतर करायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं आणि डोक्यातच होतं. कागदावर उतरवायचं त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. सकाळी ते फाटकातून आत शिरले की माणसं मागे लागायची. एकाला इकडे, एकाला तिकडे पिटाळत ते पत्र्याच्या ऑफिसपर्यंत पोचायचे तेव्हा त्यांचा चेहरा असा फुललेला असायचा, की बघणाऱ्याला वाटावं यांच्या घरी आज साखरपुडा आहे. "अरे, मला श्वास तरी घेऊ द्या!" असं ते रोज ओरडायचे. पण एखाद्या दिवशी कुणी काही विचारलं नाही, तर मात्र खरोखरच त्यांचा जीव गुदमरायचा.

अशा माणसाच्या साइटवर त्यांचा मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर बहिणीनेच त्याला लहानाचा मोठा केला होता, त्यामुळे तो तिचा भाऊ कमी आणि मुलगा जास्त होता. ती त्याला सोन्या म्हणायची. बांधकामाच्या नियोजनाचं शिक्षण घेऊन सोन्या रिकामा बसला होता, तेव्हा मोठ्या साहेबांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला तो कुणी? कारभाऱ्यांनीच. आणि वर राहायलाही घरीच आणलं. बाहेरच्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन आणि कापडांचे गठ्ठे होते, त्यातच भिंतीला लागून एक खाट टाकली. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. कारभाऱ्यांना आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं वाटलं. ते वाटणं पहिला पगार होईपर्यंतही टिकलं नाही.

सुरुवात नावापासून झाली. मेहुणा त्यांना दाजी म्हणायचा, ते बरोबरच होतं. पण तो साइटवरही दाजीच म्हणायला लागला. त्याचं ऐकून प्लंबर म्हणायला लागला, मग वायरमन, मग सळईवाले. एके दिवशी फाटकावरचा म्हातारा रखवालदार, जो वयाने कारभाऱ्यांच्या वडलांएवढा होता, तोही म्हणाला, "या दाजी." कारभारी त्या दिवशी जेवले नाहीत. इतकी वर्षं कमावलेलं नाव हा पोरगा येता जाता पुसून गेला, आणि लोकांना त्यात गोडवा वाटतोय!

मग तो बोर्ड आला.

दरवाजांच्या कामातून उरलेली एक मोठी प्लायवूडची फळी मेहुण्याने मागून घेतली, घासली, पांढरी रंगवली आणि पत्र्याच्या ऑफिसच्या बाहेरच्या भिंतीवर, सगळ्यांना दिसेल अशी ठोकली. काळ्या चिकटपट्टीने तिचे उभे चार भाग पाडले. वर ठळक अक्षरांत लिहिलं: करायचं, चालू, अडलंय, झालं. मग रंगीत पुठ्ठ्याची कार्डं कापली. सुतारांची पिवळी, सळईवाल्यांची निळी, प्लंबरची हिरवी, वायरमनची तांबडी. एका कार्डावर एकच काम. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी कोपऱ्यात चित्रं काढली. नळ, करवत, दिवा. नळ जरा बदकासारखा आला होता, पण प्लंबरला तो फारच आवडला.

सगळ्यांना गोळा करून मेहुण्याने नियम सांगितले. "ज्याचं काम तोच कार्ड हलवणार. दुसऱ्याने हात लावायचा नाही. काम खरंच संपलं तरच कार्ड 'झालं'मध्ये. आणि काम अडलं, तर कार्डाखाली लिहायचं, कुणामुळे अडलंय."

"हे काय, बालवाडी काढलीस का?" कारभारी मागून म्हणाले. त्यांना वाटलं सगळे हसतील. दोघे हसले. बाकीचे कार्डांकडे बघत होते.

आठवडाभरात सकाळचं चित्रच पालटलं. कारभारी फाटकातून आत शिरले की माणसं त्यांच्याकडे बघून हात करायची आणि सरळ बोर्डाकडे जायची. पाच मिनिटं तिथे गलका व्हायचा, कुणी कुणाची चेष्टा करायचा, आणि मग ज्याचा तो कामाला. कारभारी ऑफिसच्या दारात उभे राहायचे. कुणी जवळ आलंच तर विचारायचं, "दाजी, टाचण्या कुठे ठेवल्यात?"

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, ते त्यांना तेव्हा कळलं. एका फळीचा मत्सर करायचा म्हणजे अगदी खालच्या पायरीवर उतरणं झालं, हे त्यांनाही कळत होतं. पण फळी डोळ्यात खुपत होती. ऊन पडलं की तिचा रंग उडेल म्हणून ते खूश व्हायचे. मेहुण्याने वर पत्र्याचं छप्पर लावलं.

पण सगळ्यात मोठं दुखणं त्या तिसऱ्या भागात होतं. 'अडलंय'खाली कार्डं साठायला लागली आणि जवळजवळ प्रत्येक कार्डाखाली एकच शब्द होता. दाजी. फरशीचा रंग ठरायचाय, दाजी. वायरमनला भिंत फोडायची परवानगी हवीय, दाजी. इतकी वर्षं सगळं त्यांना विचारून होत होतं, म्हणजेच सगळं त्यांच्यापाशी येऊन थांबत होतं. आधी ते कुणाला दिसत नव्हतं. आता रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसलं असतं.

रात्रीच्या जेवणाला ते मेहुण्यावर उखडले. "माझी धिंड काढायची होती तर सरळ गाढवावर बसवायचंस!"

"दाजी, मी एकही लिहिलेलं नाही," मेहुणा कळवळून म्हणाला. "ज्याचं काम अडतं तो लिहितो."

हे तर आणखी झोंबलं. मेहुण्याने मुद्दाम केलं असतं, तर निदान त्याच्यावर रागावता तरी आलं असतं.

"चांगलंच आहे की," बायको म्हणाली. "कळतं तरी कुठे काय अडलंय. सोन्या, मलाही एक करून दे. लोकांचे कपडे मी विसरते बघ."

झालं! दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघराच्या दाराजवळ, पाण्याच्या माठाच्या वर, एक छोटा बोर्ड आला. मापं घेतलेले कपडे, शिवायला घेतलेले, काजं-बटणांवाचून अडलेले, झालेले. बायको दिवसभर कार्डं हलवायची आणि भावाचं कौतुक करायची. कारभाऱ्यांना पाणी प्यायचं तरी मेहुण्याची करामत बघतच प्यावं लागायचं. आणि लवकरच त्या बोर्डावर 'अडलंय'मध्ये एक असं कार्ड लागलं, ज्याचा शिवणकामाशी काही संबंध नव्हता. बायकोच्या गोल अक्षरात त्यावर लिहिलं होतं, 'सोन्याशी सरळ बोलणं'. खाली कुणामुळे ते तिने लिहिलं नव्हतं. कारभारी भांडं आपटून बाहेर गेले.

एवढ्यात बातमी आली की गावाच्या दुसऱ्या टोकाला दवाखान्याची मोठी इमारत बांधायचं काम मोठ्या साहेबांना मिळालंय. त्या साइटचा प्रमुख कोण, ते साहेब येत्या फेरीत ठरवणार होते. कारभाऱ्यांच्या मनात या दवाखान्याने तेव्हाच घर केलं. सुपरवायझर म्हणून आयुष्य गेलं, शेवटी एकदा दारावर आपल्या नावाची पाटी असलेली खोली हवी होती. दोन महिन्यांपूर्वी कुणी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, माझ्याशिवाय आहेच कोण? आता त्यांना माहीत होतं की आहे. तो आपल्याच घरात, आपल्याच खाटेवर घोरतोय.

मग कारभाऱ्यांनी कंबर कसली. साहेबांच्या फेरीआधी 'अडलंय'मधून आपलं नाव पुसून काढायचं. ते जिने चढले, उतरले, फरशीचा रंग ठरवला, भिंतीची परवानगी दिली, रेतीवाल्याला फोनवर झापलं. इतकं झपाट्याने काम त्यांनी गेल्या कित्येक वर्षांत केलं नव्हतं. मत्सरानेच का होईना, साइट पळायला लागली. एकेक कार्ड पुढे सरकलं. मेहुणा खुशीने म्हणाला, "दाजी, कमाल केलीत!" त्यांना वाटलं, हा मला शाबासकी देतोय. मला!

फेरीच्या दिवशी सकाळी एकच कार्ड उरलं होतं. हिरवं, बदकासारख्या नळाचं. 'वरच्या मजल्यावर पाइपांच्या जागा तपासणं.' खाली, दाजी. स्लॅब ओतायच्या आधी बाथरूमचे पाइप जायला त्यात मोकळी भोकं ठेवावी लागतात. प्लंबरने त्यासाठी नळ्या बसवल्या होत्या. पण मध्यंतरी बाथरूमची भिंत नव्या नकाशात थोडी सरकली होती, म्हणून नळ्या जुन्या जागी आहेत की नव्या, ते कारभाऱ्यांनी टेप लावून बघायचं होतं. ते नकाशा काखेत मारून जिन्याकडे निघाले, आणि फाटकात साहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला.

कारभारी थांबले. वर जाऊन यायचं तर साहेब बोर्डासमोर उभे राहणार, आणि त्यांना काय दिसणार? सगळी साइट पुढे गेलीय आणि एकटा दाजी अडलाय. ते परत फिरले. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यांनी टाचणी काढली, हिरवं कार्ड उचललं आणि 'झालं'मध्ये लावलं. साहेबांना नमस्कार करायचा आणि लगेच वर जायचं, असं त्यांनी स्वतःला बजावलं. करायचंच आहे ते काम, फक्त कार्ड जरा आधी हललं, एवढंच.

साहेब बोर्डासमोर बराच वेळ उभे राहिले. "वा! 'अडलंय'मध्ये एकही नाही? कुणाचं डोकं हे?"

"आम्हीच लावलाय, साहेब," कारभारी म्हणाले.

साहेब खूश झाले. ऑफिसात बसले, चहा मागवला. "बसा कारभारी, दवाखान्याचं बोलायचंय." कारभारी ही हाक किती दिवसांनी कानावर पडली होती! ते बसले. साहेब तिथल्या जमिनीबद्दल सांगत होते, तळघराबद्दल विचारत होते. विचारत होते! कारभारी सल्ला देत होते, हातवारे करत होते, चहाच्या बशीवर तळघराचा उतार दाखवत होते. दवाखान्यातली ती पाटीची खोली त्यांना दिसायला लागली. वर कुठेतरी काँक्रीटचा पंप सुरू झाल्याची घरघर आली. कानाला ती छान वाटली. साइट जोरात आहे, साहेबांवर छाप पडेल.

मग हातातला कप तसाच राहिला. पंप कशाला सुरू झालाय?

जिन्यात त्यांना धाप लागली, पण ते चढत राहिले. वर पोचले तेव्हा एका बाथरूमची जागा काँक्रीटखाली पूर्ण गेली होती आणि दुसरीवर पंपाचा पाइप काँक्रीट ओकत होता. "थांबवा! अरे थांबवा!" त्यांनी टेप लावला. नळ्या जुन्याच जागी होत्या, नव्या भिंतीच्या बरोब्बर खाली.

"मला विचारलं का नाहीस?" ते स्लॅबच्या मुकादमावर ओरडले. "आजपर्यंत कधी मला न विचारता ओतलंयस?"

"आता विचारायचं कुठे असतं, दाजी?" मुकादम गोंधळून म्हणाला. "बोर्डावर बघायचं असतं. सगळी कार्डं 'झालं'मध्ये होती."

 पंप बंद झाला. ओलं काँक्रीट फावड्यांनी उपसायला सुरुवात झाली; घट्ट व्हायच्या आत निघालं तर ठीक, नाहीतर छिन्नी आणि हातोडा. तोवर साहेब वर आले होते, मेहुणाही आला होता. प्लंबर कानावर हात ठेवून सांगत होता की हिरवं कार्ड त्याने हलवलेलं नाही.

"मग कुणी हलवलं?" साहेबांनी विचारलं.

 फावडी चालूच होती. मेहुण्याने एकदाच दाजींकडे बघितलं. त्या एका नजरेत त्याला सगळं कळलंय हे कारभाऱ्यांना कळलं.

"माझ्याकडून झालं असेल, सर," मेहुणा म्हणाला. "सकाळी मी कार्डं सारखी करत होतो. टाचणी काढताना इकडची तिकडे लागली असेल. चूक माझी."

साहेबांनी त्याच्याकडे जरा वेळ रोखून पाहिलं. मग पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चूक पदरात घेणारी माणसं हल्ली मिळत नाहीत," ते म्हणाले.

तो हात त्या खांद्यावर पडला आणि कारभाऱ्यांच्या पोटात जो भडका उडाला, तसा आजवर कधी उडाला नव्हता. याने माझं नाव घेतलं. माझी माणसं घेतली. माझ्या बायकोच्या तोंडातली सगळी स्तुती घेतली. आणि आता माझी चूकसुद्धा हाच घेऊन जाणार, आणि वर हाच मोठा ठरणार? वाचल्याचा आनंद व्हायचा तो त्यांना क्षणभरसुद्धा झाला नाही.

"खोटं बोलतोय तो!" ते गरजले. "कार्ड मी हलवलं! मी! त्याचा काही संबंध नाही त्यात!"

बक्षीस आपलं असून दुसऱ्याला दिलं जातंय, अशा आवाजात ते ओरडत होते. सळईवाले तोंडाकडे बघत राहिले. साहेबांनी मेहुण्याच्या खांद्यावरचा हात काढला, पण तो कारभाऱ्यांच्या खांद्यावर काही ठेवला नाही. "न तपासता?" एवढंच त्यांनी विचारलं. कारभाऱ्यांनी होय म्हणून मान हलवली. साहेब जिना उतरून गेले.

दवाखाना मेहुण्याला मिळाला. तिथे जवळच राहायला खोलीही मिळाली. तो निघाला त्या सकाळी बायको त्याच्या सदऱ्याचं बटण शिवून देत होती आणि नाक ओढत होती. कारभारी आतल्या खोलीत दाढी करत होते. झालेली दाढी पुन्हा करत होते. "दाजी, येतो," असं दारातून ऐकू आलं. त्यांनी गालाला साबण लावला. थोड्या वेळाने फाटकाची कडी वाजली. बायको आत आली, त्यांच्याकडे बघितलं आणि काही न बोलता मशीनवर जाऊन बसली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

साइटवर बोर्ड तसाच राहिला. आता तो कारभाऱ्यांनाच सांभाळायचा होता. ते कार्डं कापायचे, चित्रं काढायचे. त्यांचा नळ बदकासारखा नाही, सरळ बगळ्यासारखा यायचा. 'अडलंय'मध्ये आपलं नाव दिसलं की ते आधी जाऊन काम करायचे आणि मगच टाचणीला हात लावायचे. काम छान चाललं होतं. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

घरी माठावरच्या बोर्डावरचं ते कार्ड मात्र हललं नाही. बाकीची कार्डं येत होती, जात होती, कुणाच्या बाह्या, कुणाची पॅन्ट. 'सोन्याशी सरळ बोलणं' तिथेच होतं, वाफेने त्याचे कोपरे वळायला लागले होते. कारभारी पाणी प्यायचे तेव्हा भिंतीकडे पाठ करून प्यायचे.

एका संध्याकाळी बायको बाहेर मशीन चालवत होती. कारभारी पाणी प्यायला आले, प्याले, आणि का कोण जाणे, वळून बघितलं. 'कुणामुळे'ची जागा अजून कोरीच होती. इतके दिवस तिने ती भरली नव्हती. त्यांनी तिथलीच पेन्सिल उचलली आणि खाली लिहिलं, दाजी. मग फोन लावला.

"दाजी?" पलीकडून मेहुण्याचा आवाज दचकलेला होता. "ताई बरी आहे ना?"

"तिला काय धाड भरलीय! बोर्ड लावलास का तिकडे?"

"नाही अजून." मेहुण्याने आवाज खाली आणला. "खरं सांगू? इथे कुणाला काहीच माहीत नाही. सकाळी आत शिरलो की सगळे माझ्यामागे लागतात. सर हे, सर ते. आणि मला ना, दाजी... फार बरं वाटतं. फळी आणून ठेवलीय. पण लावायला हात उचलत नाही."

कारभाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ते फाटक आलं, ती माणसं, तो गलका.  त्या पोराला आता ते सुख कळलं होतं, आणि ज्या गोष्टीसाठी आपण इतके जळलो ती त्याच्याकडे आता आपल्यापेक्षा जास्त होती.

"लाव," ते म्हणाले.  "उद्याच लाव. नाहीतर सगळं तुझ्यापाशी अडेल आणि तुला कळणारही नाही. मला कुठे कळलं होतं? आणि त्या दिवशी वर स्लॅबवर तू... ते तू करायला नको होतंस. पण केलंस."

"दाजी, जाऊ द्या ना."

"जाऊ कसं द्यायचं! आणि ऐक. रविवारी जेवायला ये. खाट आहे तशीच आहे."

फोन ठेवून त्यांनी कार्डाची टाचणी काढली. हात 'झालं'पर्यंत गेला आणि तिथे थबकला. मग मागे आला. त्यांनी कार्ड 'चालू'मध्ये लावलं.

बाहेरचं मशीन केव्हा थांबलं होतं कुणास ठाऊक. बायको दारात उभी होती, मापाची टेप गळ्यात तशीच.

"अजून पोटात दुखतं का हो?" तिने विचारलं.

"दुखतं," कारभारी म्हणाले.

"मग बरोबर लावलंय," ती म्हणाली आणि पाण्याचं भांडं त्यांच्या हातातून घेऊन जागेवर ठेवलं.